घरची व्यायामाची सायकल: आवाज, झटके आणि तुमचा गुडघा

एप्रिल लागला की वर्ध्यात सकाळी आठनंतर बाहेर चालणं अवघड होतं. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. मधुमेह, रक्तदाब किंवा गुडघेदुखी असलेल्या रुग्णाला "रोज अर्धा तास चाला" असं सांगितलं, तर जूनमध्ये तो प्रामाणिकपणे कबूल करतो, "डॉक्टरसाहेब, उन्हाळाभर बंदच होतं." म्हणून घरात व्यायामाची सायकल येते. पहिले पंधरा दिवस ती जोरात चालते, मग तिच्यावर टॉवेल वाळू लागतात.

कारण विचारलं तर दरवेळी आळस हे उत्तर नसतं. "पहाटे मुलं झोपलेली असतात, फार घरघर होते." "खालच्या मजल्यावरचे लोक तक्रार करतात." "पायडल अडकत फिरतं, दहा मिनिटांत गुडघा दुखतो." या तक्रारी वेगवेगळ्या वाटल्या तरी त्यांचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. यंत्राच्या आत काहीतरी घासतं, आदळतं किंवा सैल झालेलं असतं. त्यातली काही ऊर्जा आवाज होऊन कानाला ऐकू येते आणि काही झटका होऊन पायाला जाणवते. त्यामुळे सायकल घेताना पडद्यावर किती आकडे दिसतात यापेक्षा आत काय फिरतं हे पाहावं.

चरख्यातलं तेच तत्त्व

सायकल चालवताना पायाचा जोर सगळीकडे सारखा पडत नाही. पायडल पुढे आडवं असताना पाय सर्वांत जास्त रेटा देतो. ते अगदी वर किंवा अगदी खाली असताना जवळजवळ काहीच रेटा मिळत नाही. मध्ये जड चाक नसेल तर प्रत्येक फेरीत दोनदा पायडल अडखळेल आणि दोनदा पुढे उसळेल. हे खाचखळगे भरून काढण्याचं काम फ्लायव्हील करतं. रेटा जास्त असताना ते ऊर्जा साठवतं आणि रेटा कमी पडला की परत देतं.

वर्धेकरांना हे पाहायला दूर जावं लागत नाही. मगनवाडीतल्या मगन संग्रहालयात (उद्घाटन १९३८) चरखे मांडलेले आहेत, ते नीट पाहा. पेटी चरख्यात मोठं चाक माळेने छोट्या चाकाला फिरवतं आणि छोटं चाक चातीला. हात सावकाश फिरतो, चाती मात्र भराभर फिरते. माळ सैल झाली किंवा चाक थोडं वाकडं झालं की चातीला झटका बसतो आणि सूत तुटतं. कातणाऱ्यांना हे कुणी शिकवावं लागत नाही, ते आवाजावरूनच ओळखतात. तुमच्या सायकलमध्ये सुताच्या जागी गुडघ्याची कूर्चा आहे. झटका तिथे पोचतो.

दुकानदार "आठ किलोचं फ्लायव्हील" असं सांगतो तेव्हा अर्धीच गोष्ट सांगतो. चाकातली ऊर्जा वजनाच्या प्रमाणात वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला तर ऊर्जा चौपट होते. त्यामुळे पायडलच्या एका फेरीत आठ वेळा फिरणारं चार किलोचं चाक, चार वेळा फिरणाऱ्या तेवढ्याच आकाराच्या आठ किलोच्या चाकापेक्षा दुप्पट ऊर्जा साठवतं. निव्वळ वजनाचा आकडा पाहून पैसे मोजू नका. पायडल हातानं फिरवून सोडा. चाक एकसारखं, न अडखळता हळूहळू थांबत असेल तर ते चांगलं लक्षण आहे.

इथे एक सावधगिरी आहे. 'स्पिन बाइक' प्रकारच्या सायकलींमध्ये चाक आणि पायडल घट्ट जोडलेले असतात. तुम्ही पाय थांबवलात तरी चाक पायाला ओढत राहतं. तरुणाला त्याचं काही वाटत नाही. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा पक्षाघातानंतर पाय अजून ताब्यात नसेल, तर ही ओढ धोक्याची ठरते. अशा रुग्णांनी पाय थांबला की पायडलही थांबेल अशी साधी सायकल घ्यावी आणि कधी सुरू करायची हे फिजिओथेरपिस्टला विचारावं.

घासून थांबवणं आणि न स्पर्श करता थांबवणं

सायकलला 'जड' करणारा भाग हा आवाजाचा मोठा उगम आहे. स्वस्त सायकलींमध्ये चाकावर फेल्टचा किंवा रबराचा तुकडा दाबला जातो. तो घासतो, तापतो, झिजतो. कधी चिकटतो, कधी सुटतो, आणि ते चिकटणं-सुटणंच 'कुरकुर' म्हणून ऐकू येतं. विदर्भात यात कूलरची भर पडते. सायकल कूलरच्या ओल्या झोतासमोर ठेवली की फेल्ट दमट होतो आणि लोखंडी भागांना गंज लागतो. शिवाय कूलरच्या घोंगावण्यात सायकलचा आवाज दबून जातो. पाऊस सुरू होऊन कूलर बंद झाला की घरच्यांना वाटतं सायकल अचानक बिघडली.

माझ्या दृष्टीने याची वैद्यकीय बाजू अधिक महत्त्वाची आहे. मी "दुसऱ्या पातळीवर वीस मिनिटं" असं सांगतो, ते औषधाच्या मात्रेसारखंच असतं. घासणाऱ्या ब्रेकमध्ये नॉब त्याच जागी ठेवला तरी तापलेला आणि थंड, कोरडा आणि दमट फेल्ट वेगवेगळा जोर मागतो. हृदयरुग्णाला हा फरक महागात पडू शकतो. तुमची सायकल अशीच असेल तर नॉबच्या आकड्यावर विसंबू नका, श्वास किती लागतो ते पाहा.

चुंबकी ब्रेकमध्ये स्पर्शच नसतो. धातूचं चाक चुंबकाजवळून फिरतं तेव्हा धातूत भोवऱ्यासारखे छोटे विद्युतप्रवाह तयार होतात आणि ते चाकाच्या गतीला विरोध करतात. चुंबक जवळ आणला की जड, दूर नेला की हलकं. घासायला काही नसल्यामुळे ब्रेकचा आवाज जवळजवळ नाही आणि झीजही नाही. ही कल्पना नवी नाही. डेन्मार्कचे शरीरशास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग यांनी १९१३ च्या सुमारास प्रयोगशाळेतल्या सायकलला विद्युतचुंबकाचा ब्रेक लावला होता, कारण त्यांना स्नायूंचं काम नेमकं मोजायचं होतं. त्यांना १९२० साली नोबेल मिळालं आणि पुढे डेन्मार्कमध्ये इन्सुलिन तयार करायला त्यांनीच सुरुवात करून दिली. आज मधुमेही माणूस घरात चुंबकी सायकल चालवतो तेव्हा दोन्हींमागे हे एक नाव आहे.

छातीत पेसमेकर असेल तर नेहमीसारखं बसून सायकल चालवताना चुंबक छातीपासून पुरेसा लांब राहतो. मात्र झाकण उघडून आत वाकून पाहू नका आणि सायकल छातीशी धरून उचलू नका. चुंबक पेसमेकरपासून किमान १५ सेंटीमीटर दूर ठेवावा.

पंख्याच्या सायकलीत हवा हाच ब्रेक असतो. मे महिन्यात तोंडावर वारा येतो हे खरं, पण वेग वाढवला की आवाज झपाट्याने वाढतो आणि लागणारी ताकदही. नवशिक्या हृदयरुग्णाला मी ती सुचवत नाही.

पट्टा, बेअरिंग आणि जमीन

चेनची प्रत्येक कडी दात्यावर वेगळी येऊन बसते, म्हणून बारीक खटखट होते आणि तेल कमी पडलं की ती वाढते. खाचा असलेला रबरी पट्टा पुलीभोवती सलग गुंडाळला जातो. तो शांत असतो आणि त्याला तेलही लागत नाही. घरासाठी मी पट्टाच सुचवतो. चेन असेल तर झाकण बंदच ठेवा. लहान मुलांची बोटं चेनमध्ये सापडून झालेल्या जखमा वाईट असतात.

खालच्या मजल्याची तक्रार मात्र हवेतून जाणाऱ्या आवाजाची नसते. सायकलचा एक पाय अधांतरी असेल तर फरशीवर ठकठक होते. पायांचे स्क्रू फिरवून चारही कोपरे टेकवा, खाली जाड रबरी मॅट टाका. ट्रेडमिलची अडचण याहून मोठी असते, कारण तिथे दर पावलाला शरीराचं वजन आदळतं आणि धावताना ते वजनाच्या दुपटीहून अधिक होतं. गुडघे झिजले असतील तर शेजारी आणि गुडघा दोघांसाठी सायकलच बरी.

आता बसायची पद्धत. यंत्र कितीही गुळगुळीत चालत असलं तरी सीट फार खाली असेल तर वाटीवर ताण येतो. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा साधारण २५ ते ३५ अंशांत वाकलेला असावा. सुरुवातीला कमी जोर ठेवा, मिनिटाला ५० ते ६० फेऱ्या पुरेत. चालवताना घरच्यांशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग कमी करा. गोंगाट करणाऱ्या यंत्रावर ही साधी परीक्षाही नीट घेता येत नाही. आठवड्याला एकूण १५० मिनिटं हे ध्येय ठेवा. छातीत दाब, घेरी किंवा धडधड जाणवली तर लगेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

रोजच्या सायकलने अचानक नवा आवाज काढला तर त्या दिवशी चालवू नका. फेरीगणिक एकदा 'टक' होत असेल तर आधी पायडल तपासा. सैल पायडल निघून पाय घसरतो आणि वयस्कर माणसाचं मनगट मोडतं. पाना लावताना एवढं ध्यानात ठेवा: उजवं पायडल नेहमीसारखं घड्याळाच्या दिशेने आवळतं, डाव्याचे आटे उलटे असतात. तिथे जोर लावून नेहमीच्या दिशेने फिरवलं तर ते आणखी सैल होतं.