दाविदचं नव्हे, व्हिलेरचं!

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये एका चित्रापुढून मला हलवेना. पांढऱ्या झग्यातली तरुणी, मांडीवर चित्रफलक, नजर थेट आपल्याकडे. 1801 सालचं हे पॅरिसमधलं चित्र. तरुणीचं नाव शार्लोत द्यु व्हाल दोन्य.

उजेड मागच्या खिडकीतून येतो, म्हणजे चेहरा काळवंडायला हवा. पण कागदावरून परावर्तित झालेला प्रकाश गालांवर हलकेच पसरलाय. किती अवघड काम! खिडकीची फुटकी काचही नक्की बघा.

1917मध्ये चित्र म्युझियमकडे आलं, तेव्हा ते चित्रकार जाक-लुई दाविदचं मानलं जाई. 1951मध्ये एका अभ्यासकाने दाविदचं श्रेय नाकारून एका चित्रकर्तीचं नाव सुचवलं आणि लगेच त्यात ‘झाकलेल्या उणिवा’ही सापडल्या. याचा मला रागच येतो.

आज श्रेय मारी-दनीझ व्हिलेर या दुसऱ्याच चित्रकर्तीला दिलं जातं.