खमंग खाण्याचा मोह आणि कॅलरींचा हिशेब

सोनाळा (ता. संग्रामपूर) : सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या सोनाळ्यासह बुलडाणा जिल्ह्यात वजन कमी करू पाहणाऱ्यांची खरी परीक्षा शेगावची कचोरी, शेव आणि चिवडा घेतात. पोळी-भात मोजून खाल्ला जातो. पुड्यातून सहज तोंडात टाकलेली मूठभर शेव मात्र हिशेबात धरली जात नाही.

एक ग्रॅम प्रथिने अथवा पिष्टमय पदार्थांतून सुमारे ४ कॅलरी मिळतात, तर एक ग्रॅम तेलातून ९. म्हणूनच ३० ग्रॅम शेवेतून साधारणतः १६५ कॅलरी मिळतात, तेवढ्याच फुटाण्यांतून ११०च्या आसपास. शिवाय फुटाण्यांनी पोट अधिक वेळ भरलेले राहते.

त्यामुळे मोह दडपण्यापेक्षा त्याला हिशेबात आधीच जागा द्यावी. खाणे वाटीत काढून पुडा बंद करावा. चिवडा तळण्याऐवजी भाजलेल्या पोह्यांचा करावा. मिठाकडेही लक्ष हवे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचविले आहे.

कचोरी खाल्लीच, तर ती नोंदवावी. भरपाई म्हणून जेवण टाळू नये. विशेषतः मधुमेहाची औषधे वा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर त्यामुळे धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.