बॅक्युलोविषाणूचे ‘उसने’ जनुक : अळीच्या मृत्यूचा वेळ ठरविणारा घटक

हरभऱ्यावरील घाटे अळीच्या नियंत्रणासाठी भारतात अनेक वर्षांपासून ‘एचएएनपीव्ही’ या विषाणूची फवारणी केली जाते. प्रति हेक्टर 250 एलई, म्हणजे 250 रोगग्रस्त अळ्यांपासून मिळेल इतका विषाणू, अशी मात्रा सर्वसाधारणपणे सुचविली जाते. बॅक्युलोविषाणू कुळातील हा विषाणू माणूस, जनावरे व मधमाश्यांना अपायकारक नाही. त्याची उणीव एकच : अळी मरण्यास काही दिवस लागतात आणि तोवर ती पीक खात राहते. हा कालावधी कशावर अवलंबून असतो, याचे अंशतः उत्तर विषाणूच्या एका जनुकात सापडले आहे.

आतड्यातील अडथळा

पानाबरोबर विषाणूचे प्रथिनवेष्टित कण अळीच्या पोटात जातात. तेथील अल्कधर्मी रसात वेष्टन विरघळते व विषाणू आतड्याच्या पेशींमध्ये शिरतो. मात्र या पेशींच्या तळाशी आधारपटल नावाचे घट्ट जाळीदार आवरण असते. विषाणूचा दंडाकृती गाभा सुमारे 250 ते 300 नॅनोमीटर लांब असतो, तर आवरणाची छिद्रे त्यापेक्षा कितीतरी लहान असतात. हे आवरण ओलांडल्याशिवाय विषाणूला उर्वरित शरीरात पसरता येत नाही.

या कामी अळीच्या श्वासनलिका त्याच्या उपयोगी पडतात. शरीरभर पसरलेल्या या सूक्ष्म नलिकांच्या शाखा आतड्यापर्यंत पोहोचलेल्या असतात. त्यांच्या पेशींना लागण झाली की विषाणूला सर्व अवयवांकडे जाण्याचा मार्ग मिळतो.

वाढघटकाचे कार्य

प्राण्यांच्या शरीरात फायब्रोब्लास्ट वाढघटक नावाची प्रथिने पेशींची वाढ व हालचाल यांचे नियमन करतात. फळमाशीमध्ये ‘ब्रांचलेस’ हा वाढघटक श्वासनलिकांच्या शाखा कोणत्या दिशेने वाढाव्यात हे ठरवितो. पतंगवर्गीय कीटकांवर वाढणाऱ्या बॅक्युलोविषाणूंमध्ये याच कुळातील प्रथिन तयार करणारे ‘व्हीएफजीएफ’ जनुक आढळते. ते विषाणूने पूर्वी कधीतरी कीटकाकडूनच घेतले असावे, असे मानले जाते. लागण झालेल्या पेशीतून हे प्रथिन बाहेर स्रवते आणि इतर कीटकपेशींना आपल्याकडे आकर्षित करते.

अमेरिकेतील कॅन्सस स्टेट विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी ‘एसीएमएनपीव्ही’ या विषाणूतून हे जनुक काढून टाकले. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींमध्ये विषाणूच्या वाढीत विशेष फरक दिसला नाही. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या अळ्यांवरील प्रयोगांचा निष्कर्ष मात्र वेगळा होता. जनुकविरहित विषाणू अन्नातून दिल्यास अळ्या उशिरा मरत होत्या. तोच विषाणू थेट रक्तात टोचल्यास हा फरक जवळजवळ नाहीसा होत होता. याचा अर्थ, हे जनुक विषाणूची संख्या वाढविण्यासाठी नसून आतड्याचा अडथळा लवकर पार करण्यासाठी उपयोगी पडते.

2010 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने पुढची कडी जोडली. या वाढघटकामुळे अळीचीच काही प्रथिनभेदक विकरे क्रमाक्रमाने सक्रिय होतात व आधारपटल सैल होते, असे त्यात दिसून आले. म्हणजे विषाणू वाट काढतो ती अळीच्याच यंत्रणेकडून.

विषाणूचे हित आणि शेतकऱ्याचे हित

विषाणूची सर्वच जनुके अळीचा मृत्यू जवळ आणत नाहीत. ‘ईजीटी’ हे जनुक अळीचे कात टाकण्याचे संप्रेरक निष्क्रिय करते. त्यामुळे अळी अधिक काळ खात राहते व तिच्या शरीरात अधिक विषाणू तयार होतो. हे जनुक काढल्यास अळ्या लवकर मरतात, असे 1991 साली दाखविण्यात आले. पसरण्याचा वेग आणि अळीला जगविण्याचा काळ यांचा तोल विषाणू स्वतःच्या हितासाठी साधतो. शेतकऱ्याला मात्र केवळ वेग हवा असतो.

शेतात फवारला जाणारा ‘एचएएनपीव्ही’ निसर्गात आढळणारा विषाणूच आहे. त्यामुळे वेळेचे गणित फवारणीतूनच साधावे लागते. विषाणू अळीच्या पोटात जाणे आवश्यक असल्याने पिकावर सर्वत्र फवारा बसला पाहिजे. उन्हातील अतिनील किरणांनी तो निष्प्रभ होतो, म्हणून फवारणी सायंकाळी करावी. अळ्या लहान असतानाच ती केल्यास त्या लवकर मरतात आणि पिकाचे नुकसानही कमी होते.