शक्तिमानचा शेवट कुणी पाहिला?

घोडबंदर रस्त्यावर गाडी अडकली की चेणे गाव निवांत बघायला मिळतं. एका अंगाला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, दुसऱ्या अंगाला वसईची खाडी आणि मधे हॉर्न. याच रस्त्याच्या आगेमागे, मीरा रोडला, नायगावला, ठाण्याच्या बाजूला मालिकांचे सेट आहेत. प्लायवूडचे वाडे उभे राहतात, त्यांत सुना रडतात, एखाद्या गुरुवारी टीआरपीचा आकडा घसरलेला येतो आणि थोड्याच दिवसांत वाडा उतरवून टेम्पोत भरला जातो. सासूला पश्चात्ताप व्हायचा राहिला असेल तर तो शेवटच्या तीन भागांत उरकून घेतात. मालिका कशी संपते, हे या पट्ट्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

एका मालिकेच्या संपण्याचा हिशेब मात्र चेण्यापासून चांद्यापर्यंत अजून मिटलेला नाही.

१३ सप्टेंबर १९९७ रोजी, शनिवारी, दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ सुरू झाली. मुकेश खन्ना यांची निर्मिती आणि तेच नायक, दिग्दर्शक दिनकर जानी. महाराष्ट्रात शनिवारी सकाळची शाळा. शेवटच्या तासाला पोरांचं लक्ष फळ्यावर नसे, घड्याळावर असे. मुलं शाळा बुडवतात अशा तक्रारी आल्या म्हणून मालिका रविवारी नेली, असं खन्ना पुढे मुलाखतींत सांगत आले. ज्या घरांत केबल पोचली नव्हती तिथे छपरावरचा अँटेना हाच आधार. एकजण वर चढून तो फिरवणार, दुसरा अंगणातून ओरडणार, आणि चित्र दिसू लागेपर्यंत शीर्षकगीत संपलेलं असणार.

ही मालिका विज्ञानकथा होती का, यावर वाद घालता येईल. नायकाला शक्ती मिळते ती कुंडलिनी जागृत झाल्यामुळे आणि सूर्यांशी गुरूंच्या कृपेने. समोर मात्र डॉक्टर जॅकॉल हा वैज्ञानिक, त्याची प्रयोगशाळा आणि ‘पॉवर’ या एका शब्दावर त्याचा जडलेला जीव. ललित परिमू यांनी तो असा काही उभा केला की चांगल्या गुरुजींपेक्षा पोरांना तोच जास्त पाठ होता. मुख्य खलनायक तमराज किल्विषच्या भूमिकेत सुरेंद्र पाल, काळ्या मांजरीच्या भूमिकेत आपली अश्विनी काळसेकर. पत्रकार गीता विश्वास आधी किटू गिडवानीने आणि मग वैष्णवी महंतने केली. शक्तिमान वेश पालटून गंगाधर व्हायचा आणि दात पुढे काढून ‘आज की आवाज’ या वर्तमानपत्रासाठी फोटो काढायचा. सुपरमॅनच्या क्लार्क केंटचा हा चुलतभाऊ आहे, हे कळायला पुढे बरीच वर्षं जावी लागली, आणि कळलं तेव्हा थोडं वाईटही वाटलं.

विज्ञानाच्या कसोटीवर मालिका फार काळ टिकली नसती. पण त्या वयात कसोटी लावतो कोण? हात वर करून गरागरा फिरायचं आणि चक्कर येऊन पडायचं, हा प्रयोग घराघरांत झाला.

आधीच्या पिढीनेही दूरदर्शनवर अंतराळ पाहिलं होतं. ऐंशीच्या दशकात इथे ‘स्टार ट्रेक’ दाखवली गेली. अमेरिकेत ती १९६६ ते १९६९ अशी जेमतेम तीन वर्षं चालली. प्रेक्षकांनी पत्रांचा पाऊस पाडून तिसरं पर्व मिळवलं, पण पाच वर्षांची म्हणून निघालेली ती मोहीम तीन वर्षांतच गुंडाळली गेली. १९८९ साली आनंद महेंद्रू यांची ‘इंद्रधनुष’ आली. १९९८ साली आली केतन मेहतांची ‘कॅप्टन व्योम’. तिच्यात मिलिंद सोमण आणि मधू सप्रे ही दोन मराठी माणसं चमचमत्या पोशाखात विश्वाच्या रक्षणाला सिद्ध झालेली दिसली, तेव्हा कितीतरी आज्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं असेल. पण वर्षानुवर्षं, आठवड्यामागून आठवडा घरात मुक्काम ठोकला तो एकट्या शक्तिमानने. २००२ साली मीरा-भाईंदरची नगरपालिका जाऊन महानगरपालिका आली, तेव्हाही तो फिरतच होता.

आणि मग २७ मार्च २००५ला तो थांबला.

तारखेकडे जरा नीट बघा. १९९७ साली जी मुलं तिसरीत होती, ती त्या मार्चमध्ये दहावीला होती. बोर्डाची परीक्षा, कपाटाला चिकटवलेलं वेळापत्रक, टीव्हीवर टाकलेला टेबलक्लॉथ. ज्या पोरांनी ही मालिका डोक्यावर घेतली होती, नेमकी तीच शेवटाच्या वेळी हजर नव्हती. पहिल्या भागाबद्दल विचारा, आजही भरभरून सांगतात. शेवटच्याबद्दल विचारलं की कुणी म्हणतं किल्विष मेला, कुणी म्हणतं मेला नाही, कुणी म्हणतं लाइट गेले होते. या शेवटच्या सबबीवर २००५च्या महाराष्ट्रात कुणी शंका घेणार नाही. भारनियमनाचं वर्ष होतं ते.

किल्विषने न केलेलं काम हिशेबाच्या वहीने केलं. दूरदर्शनवर प्रायोजित मालिका लावायची तर निर्मात्यानेच प्रक्षेपणाचं शुल्क भरायचं आणि बदल्यात मिळणारी जाहिरातींची सेकंदं विकून खर्च काढायचा, अशी पद्धत होती. खन्ना सांगतात त्याप्रमाणे सुरुवातीला एका भागामागे ३ लाख ८० हजार रुपये जात. रविवारच्या वेळेला ७ लाख ८० हजार झाले, पुढे १० लाख ८० हजारांची मागणी आली. लोकप्रियता वाढली म्हणून शुल्क वाढलं, आणि शुल्क वाढलं म्हणून लोकप्रिय मालिका परवडेनाशी झाली. ‘अंधेरा कायम रहे’ म्हणणाऱ्या किल्विषला आठ वर्षांत जे साधलं नाही, ते दरपत्रकाला साधलं. मालिका अचानक थांबली आणि पुढे काय झालं हे लोकांना हवं आहे, हे खन्नांनी स्वतःच २०२० साली कबूल केलं.

ते कबूल करायला निमित्त झालं करोनाच्या टाळेबंदीचं. १ एप्रिल २०२० पासून दूरदर्शनने ‘शक्तिमान’ रोज दुपारी एक वाजता पुन्हा लावली. दहावीची ती पोरं आता तिशी ओलांडलेली, घरूनच कचेरीचं काम करणारी. लॅपटॉपवरची मीटिंग म्यूट करून त्यांनी आपल्या लेकरांना शेजारी बसवलं आणि मोठ्या अभिमानाने बोट दाखवलं. लेकरांना काय दिसलं? पार्श्वभूमीपासून सुटून आलेल्या नायकाच्या कडा, तेच ते स्फोट, आणि एका मारामारीला लागणारे तीन भाग. त्यांना हसू आलं. आईबापांना राग आला, आणि राग येता येता त्यांनाही तेच दिसू लागलं. भागाच्या शेवटी ‘सॉरी शक्तिमान’ म्हणणारं मूल आलं, तेव्हा मात्र खोलीत कुणी हसलं नाही.

प्रेम आणि खजिलपणा एकाच सोफ्यावर बसल्याचं दृश्य याआधी क्वचितच पाहायला मिळालं असेल.

त्याच टाळेबंदीत, त्याच घरांत, रात्री दुसरी एक मालिका संपत होती. ‘डार्क’ या जर्मन मालिकेचं तिसरं आणि अखेरचं पर्व नेटफ्लिक्सवर आलं २७ जून २०२०ला. कथेत जगबुडीचा म्हणून ठरलेला दिवसही तोच, २७ जून २०२०. बारान बो ओडार आणि यान्त्ये फ्रीझ या जोडीने तारखेचा हा बेत आखून खेळला आणि बाहेरचं जगही त्या दिवशी बरंचसं बंद होतं. सव्वीस भागांची ही गोष्ट समजून घेण्यासाठी लोकांनी वह्यांत वंशावळी काढल्या होत्या. चार कुटुंबं, तीन पिढ्या, आणि एक लेक तर अशी, जी आपल्या आईचीच आई निघते. आपल्याकडे मामा-मामी-मावसआत्यांची गुंतागुंत लीलया सांभाळणाऱ्यांनाही तिथे पेन्सिल खाली ठेवावी लागली.

(‘डार्क’ पाहायची राहिली असेल तर पुढचा परिच्छेद गाळावा.)

शेवटी कळतं ते असं, की ही सगळी भानगड टानहाउस नावाच्या घड्याळजीच्या दुःखातून जन्मली. मुलाचं कुटुंब अपघातात गेलं, त्यांना परत आणण्याच्या खटपटीत जग दुभंगलं. योनास आणि मार्था तो अपघातच टाळतात आणि आपापल्या जगांसकट विरून जातात. गणित चोख सुटतं. पण तीन वर्षं ज्यांच्यासाठी जीव टांगणीला लावला ते दोघे जन्मलेच नव्हते, असं कुणी शांतपणे सांगितलं तर प्रेक्षकाने काय करावं? अनेकांनी एकाच दमात दोन वाक्यं उच्चारली: शेवट उत्तम आहे, आणि आपल्याला फसवलं. दोन्ही खरी होती. २०१० साली ‘लॉस्ट’ ही अमेरिकी मालिका संपली तेव्हा गोंधळ उलटा होता. तिथे भावना जुळल्या, गणित सुटलं नाही, आणि सगळे पहिल्यापासूनच मेलेले होते असा चुकीचा अर्थ काढून कित्येक जण आजही नाराज आहेत.

दोन्ही कसं साधावं, हे मराठी वाचकाला मात्र फार आधी एका छोट्या कथेत पाहायला मिळालं होतं. तिथला नायकही गंगाधरच. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मधले इतिहासाचे प्राध्यापक गायतोंडे एका अपघातानंतर अशा जगात जाऊन येतात, जिथे पानिपत मराठ्यांनी जिंकलेलं आहे. परत येतात ते खिशात बखरीचं फाटलेलं पान घेऊन. म्हणजे पुरावा आहे. मित्र त्यांना पुंजभौतिकीच्या आधारे खुलासा देतो, म्हणजे तर्क आहे. आणि हा मनुष्य त्यानंतर पानिपतावरच्या परिसंवादाचं अध्यक्षपद नम्रपणे नाकारतो, म्हणजे माणूसही उरतो. नारळीकरांच्या हाती प्रायोजक नव्हता, टीआरपी नव्हता, पुढचं पर्व विकायचं नव्हतं, ही सोय लक्षात घ्यायला हवी. तरीही २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं, तेव्हा ती कथा शाळेच्या इंग्रजी पुस्तकात वाचलेल्या कितीतरी तरुणांना आधी ते फाटकं पान आठवलं असेल.

शक्तिमानच्या खिशात असं पान नव्हतं. त्याच्या नावाने पुढे पुष्कळ काही झालं. २०११ साली कार्टून आलं, २०१३ साली एक दूरचित्रपट आला, फेब्रुवारी २०२२ मध्ये सोनीने तीन चित्रपटांची घोषणा केली. मग नायक कोण यावर वाद रंगला आणि ती भूमिका रणवीर सिंहला शोभेल का यावर खन्नांनी आपलं मत रोखठोक मांडलं. चाहत्यांना खरं तर नवा नायक नको होता, जुन्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सहासष्ट वर्षांच्या खन्नांनी तो लाल-सोनेरी पोशाख पुन्हा चढवला आणि परतण्याची वेळ झाल्याचं व्हिडिओतून जाहीर केलं. काहींनी वयावरून टिंगल केली, काहींच्या डोळ्यांत पाणी आलं, बऱ्याच जणांचं दोन्ही झालं. ज्यांनी घाईघाईने व्हिडिओ उघडला, त्यांना किल्विषचं काय झालं ते कळलं नाही. शक्तिमान गाणं म्हणत होता आणि स्वातंत्र्यसैनिकांवरची कोडी घालत होता.