सह्याद्री झिजतो कसा?

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हारसाचे थरावर थर पसरत गेले आणि दख्खनचे पठार तयार झाले. त्याच्या पश्चिम कडेला उभ्या असलेल्या सह्याद्रीचे आजचे कडे, सुळके आणि दऱ्या हे त्या थरांच्या अखंड झिजेचे फळ आहे. खडक ऊन, पाणी व मुळे यांमुळे जागच्या जागी फुटून, कुजून त्याचा मुरूम होतो, त्याला अपक्षय म्हणतात. हा सुटा झालेला माल तेथून हलवला जातो, तेव्हा ते क्षरण ठरते. हिमालयात हिमनद्या तळाशी अडकलेल्या दगडांनी दऱ्या खरवडतात, राजस्थानात वारा वाळू उडवून नेतो. सह्याद्रीत मात्र सारा कारभार पाणी आणि गुरुत्वाकर्षण यांच्या हाती आहे.

पाण्याची करामत पाहावी ती पारनेर तालुक्यातील निघोज येथे, कुकडीच्या पात्रात. तेथील काळ्या बेसॉल्टमध्ये रांजणाच्या आकाराचे खोल खळगे पडले असून त्यांना रांजणखळगे असेच म्हणतात. नुसते पाणी इतका कठीण खडक सहजी कोरू शकत नाही; पुराबरोबर आलेले गोटे भोवऱ्यात सापडून एखाद्या खोलगट जागी गरगर फिरतात, खडक घासतात, स्वतःही झिजतात, आणि ते संपले की पुढचा पूर नवे गोटे आणून टाकतो.

गुरुत्वाकर्षणाचे काम याहून भयंकर, कारण ते काही क्षणांत उरकते. उतारावरचा मुरूम व माती मुसळधार पावसात पाण्याने तुडुंब भरली, की तिचे वजन वाढते, कणांमधील पाण्याच्या दाबाने तिची पकड सुटते आणि अख्खा उतार घसरतो. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव असेच गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर तीच वेळ आली. डोंगर झिजणारच, ते कोणाच्या हाती नाही. परंतु उताराचा पायथा तोडणे आणि त्यावरची झाडी साफ करणे हे पूर्णपणे माणसाच्या हाती आहे, आणि ते थांबायलाच हवे. उतारावर नव्या भेगा पडल्या, झाडे वा खांब कलू लागले, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, तर डोंगराखालच्या वस्तीने पाऊस ओसरण्याची वाट न पाहता घरे सोडावीत.