हात चालत नसतील तर आवाजाने फोन लावा

आमच्या वस्तीत बांधकामावरून पडलेला एक तरुण आहे. मानेच्या मणक्याला मार लागल्यामुळे हातपाय चालत नाहीत, बोलणे मात्र स्पष्ट आहे. एका दुपारी तो घरात एकटा असताना लघवीची नळी तुंबली. डोके ठणकू लागले, चेहरा घामाने भिजला. फोन उशीजवळच होता, त्यात सगळ्यांचे नंबर होते. पण लावणार कोण? शेजारीण सहज डोकावली म्हणून निभावले.

मानेच्या किंवा छातीच्या वरच्या भागातील मज्जारज्जूला इजा असेल तर नळी तुंबल्यावर रक्तदाब एकाएकी धोकादायक वाढू शकतो. अशा वेळी रुग्णाला लगेच उठवून बसवा, कपडे सैल करा, नळी कुठे दुमडली आहे का ते पाहा. आराम पडला नाही तर ताबडतोब दवाखाना गाठा. पण त्यासाठी आधी कोणालातरी हाक पोहोचली पाहिजे. म्हणून अशा घरात फोन आवाजावर चालेल असा करून ठेवा. अँड्रॉइड फोनवर हे फुकट होते.

पहिले काम नंबरांचे. ते सिमकार्डावर न ठेवता गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये, जीमेल खात्यावर साठवा. फोन हरवला तरी नव्या फोनवर नंबर परत येतात.

दुसरे काम नावांचे. तीन ‘संगीता’ असतील तर फोन गोंधळतो. ‘आशाताई’, ‘संगीता शेजारी’, ‘भाऊ पुणे’ अशी छोटी, एकमेकांपासून वेगळी नावे द्या. रुग्ण ज्या नावाने हाक मारतो तेच नाव ठेवा. नाव मराठीत लिहून ओळखले जात नसेल तर इंग्रजी अक्षरांत लिहून पाहा.

तिसरे, गूगलच्या आवाजी सहायकात ‘हे गूगल’ ही हाक चालू करा आणि रुग्णाचाच आवाज नोंदवा. मग ‘आशाताईला फोन लाव’ असे म्हणून पाहा. स्क्रीन लॉक असतानाही फोन लागतो का, हे तपासा. लागत नसेल तर सेटिंगमध्ये तशी परवानगी द्या.

नवा नंबर रुग्णाला स्वतः साठवायचा असेल तर ‘व्हॉइस ॲक्सेस’ हे गूगलचे ॲप घ्या. ते पडद्यावरच्या प्रत्येक बटणाला आकडा देते. आकडा बोलला की बटण दाबले जाते. त्याच्या आज्ञा ‘गो बॅक’, ‘स्क्रोल डाउन’ अशा सोप्या इंग्रजीत आहेत, चार दिवसांत सवय होते. बोलून लिहिलेला नंबर एकदा लावून खात्री करा. ओटीपी आणि बँकेचा पिन मात्र मोठ्याने बोलू नका.

लकवा झालेल्यांचे बोलणे कधी कधी जड होते आणि फोनला ते कळत नाही. त्यांचा एक हात चालत असेल तर जवळच्या चार माणसांचे शॉर्टकट फोटोसह मुख्य पडद्यावर ठेवा. एका बोटाने फोन लागतो.

शेवटी परीक्षा घ्या. टीव्ही चालू असताना, पत्र्यावर पाऊस पडत असताना हाक ऐकू जाते का? फोन कायम चार्जिंगवर आणि नेट चालू आहे का? १०८ आणि ११२ आवाजाने लागतील अशी नावे देऊन ठेवली आहेत का?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ सांगतो की रोजच्या वापराची इलेक्ट्रॉनिक साधने सर्वांना वापरता येतील अशी मिळावीत, याची काळजी सरकारने घ्यायची आहे. म्हणजे ही कोणाची मेहरबानी नाही, हक्क आहे.

परवा त्या तरुणाने मला स्वतः फोन लावला. काम काहीच नव्हते. “लागतोय का, बघत होतो, ताई,” म्हणाला. तुमच्या घरातल्या माणसालाही आजच लावून बघू द्या.