ग्रंथदानातून ग्रामग्रंथालय : कारंज्याचा वारसा आणि आजची वाट

गावात ग्रंथालय असावे याविषयी आज कोठेही दुमत आढळत नाही. पुस्तके देऊ इच्छिणारेही कमी नाहीत. सेवानिवृत्त शिक्षक, नोकरीनिमित्त शहरात स्थायिक झालेले गावकरी, वडिलांच्या पश्चात त्यांचा ग्रंथसंग्रह सांभाळणारी कुटुंबे असे अनेकजण मागितल्यास आनंदाने पुस्तके देतात. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. आलेली पुस्तके शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवली जातात. कपाटाला कुलूप लागते आणि किल्ली एका जबाबदार व्यक्तीकडे दिली जाते. एखादे पुस्तक हरवले तर भरपाई आपल्यालाच करावी लागेल या धास्तीने ती व्यक्ती कपाट उघडण्याचे टाळू लागते. वर्ष-दोन वर्षांत पुस्तकांना कसर लागते. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा तरुण आणि नुकतीच वाचनाची गोडी लागलेली शाळकरी मुलगी, दोघांनाही गावात पुस्तक असूनही ते मिळत नाही.

म्हणून देणगीच्या पुस्तकांतून ग्रंथालय उभारताना पहिला प्रश्न आपली नोंद आणि आपली देवघेव कशी असेल, हा असला पाहिजे. पुस्तके किती मिळतील हा प्रश्न त्यानंतरचा. वाशीम जिल्ह्यातील कारंजा लाड या गावाचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

शास्त्रदानाची परंपरा

कारंजा हे वऱ्हाडातील जुने व्यापारी गाव. भारतातील नियंत्रित बाजारपेठांचा आरंभ १८८६ साली येथील कापूस बाजारापासून झाला, असे मानले जाते. व्यापाराबरोबरच विद्येचे केंद्र म्हणूनही या गावाची ख्याती होती. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या दिगंबर जैन परंपरांची मंदिरे येथे असून त्यांच्या ग्रंथभांडारांत संस्कृत, प्राकृत आणि अपभ्रंश भाषांतील हस्तलिखितांचा मोठा संग्रह जमला. जैन परंपरेत शास्त्रदान हे श्रेष्ठ दान मानले जाते. व्रताच्या सांगतेनिमित्त किंवा आप्तांच्या स्मरणार्थ श्रावक-श्राविका ग्रंथाची नक्कल करवून घेत आणि तो मुनींना किंवा मंदिराला अर्पण करीत. अशा ग्रंथांच्या शेवटी बहुधा नक्कल कोणी करविली, कोणासाठी करविली आणि कोणत्या संवत्सरात करविली याची प्रशस्ती लिहिलेली असे. आजच्या ग्रंथालयात दाखल नोंदवही जे काम करते, त्याचाच बराचसा भाग ही प्रशस्ती करीत असे.

ही भांडारे श्रद्धेने राखली गेली. तथापि त्यांतील ग्रंथ व्यापक अभ्यासकवर्गापर्यंत पोहोचण्यासाठी सूचीची आवश्यकता होती. रायबहादूर हिरालाल यांनी सिद्ध केलेली मध्य प्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची १९२६ साली नागपूरहून प्रसिद्ध झाली आणि तीत कारंज्याच्या हस्तलिखितांची नोंद झाली. त्यानंतर अल्पावधीतच, दहाव्या शतकात राष्ट्रकूटांच्या मान्यखेट या राजधानीत राहिलेल्या पुष्पदंत या महाकवीचे ‘जसहरचरिउ’ हे काव्य डॉ. प. ल. वैद्य यांच्या संपादनाने १९३१ मध्ये आणि ‘णायकुमारचरिउ’ हे काव्य अमरावतीच्या महाविद्यालयातील प्राध्यापक हिरालाल जैन यांच्या संपादनाने १९३३ मध्ये कारंज्याहूनच छापले गेले. मराठीसह आधुनिक भारतीय भाषांच्या जडणघडणीचा अभ्यास करणाऱ्यांना त्यामुळे मोलाचे साधन उपलब्ध झाले.

या घटनाक्रमातून गावच्या ग्रंथालयाने घ्यावयाचा बोध साधा आहे. दानामुळे ग्रंथ जमतात आणि निगराणीमुळे ते टिकतात. वाचकापर्यंत मात्र ते सूचीमुळे आणि उघड्या दारामुळेच पोहोचतात. यांपैकी एक कडी जरी निसटली तरी बाकीचे श्रम वाया जातात.

गावाचा वाटा आधी

दुसरा धडा बडोदे संस्थानाकडून घेता येईल. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ साली सर्व संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले. शाळा सोडल्यावर वाचावयास काहीच मिळाले नाही, तर शिकलेले अक्षर विसरले जाते, हे त्यांनी ओळखले होते. १९१० साली अमेरिकेतील ग्रंथालयतज्ज्ञ विल्यम बोर्डेन यांना पाचारण करून त्यांनी ग्रंथालयांचे जाळे विणण्यास प्रारंभ केला. त्या योजनेत गावकऱ्यांनी आधी स्वतःचा वाटा उभा करावयाचा आणि मग सरकारी साहाय्य मिळवावयाचे, असे तत्त्व होते. ज्या गावांत ग्रंथालय नव्हते तेथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या पाठविल्या जात. देणगीतून उभ्या राहणाऱ्या ग्रंथालयातही गावाचा वाटा जागा, फर्निचर, दिवाबत्ती किंवा दररोज दोन तासांचे काम अशा कोणत्याही रूपाने आधी ठरलेला असावा. केवळ बाहेरून आलेल्या पुस्तकांवर उभे राहिलेले ग्रंथालय गावाला आपले वाटत नाही.

समिती आणि ठराव

ग्रंथालय ही ग्रामपंचायतीच्या अधिकारकक्षेतील बाब आहे. पंचायत अधिनियमाच्या ग्रामसूचीत ग्रंथालये व वाचनालये यांचा समावेश असून, ७३ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीतही ‘ग्रंथालये’ हा विषय विसाव्या क्रमांकावर आहे. तेव्हा पहिले पाऊल ग्रामसभेच्या ठरावाचे असावे. ठरावात जागा, उघडण्याची वेळ, समितीचे सदस्य आणि वार्षिक खर्चाची तरतूद यांचा स्पष्ट उल्लेख असावा. समितीत सरपंच किंवा एक पंचायत सदस्य, मुख्याध्यापक, महिला बचत गटाची एक प्रतिनिधी आणि महाविद्यालयात शिकणारा एखादा विद्यार्थी असावा. जागा कोरडी आणि सर्व समाजघटकांना संकोच न वाटता येता येईल अशी असावी. समाजमंदिर, पंचायतीची खोली किंवा शाळेची रस्त्याकडील खोली यांपैकी जी जागा संध्याकाळी उघडता येईल ती निवडावी. कापूस-सोयाबीनच्या या पट्ट्यात दिवसा माणसे शेतावर असतात. त्यामुळे दिवसाच उघडणारे ग्रंथालय शेतकऱ्याला आणि शेतमजुराला बंद असल्यासारखेच होय.

हरवण्याची भीती आणि तिचा उपाय

कपाटाला कुलूप लागण्याचे मूळ कारण भीती हे आहे. या भीतीवर नियमानेच उपाय केला पाहिजे. केंद्र शासनाच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत, वर्षभरात वाचकांना दिलेल्या किंवा त्यांनी हाताळलेल्या दर १,००० ग्रंथांमागे ५ ग्रंथांची हानी, ती अप्रामाणिकपणामुळे किंवा निष्काळजीपणामुळे झालेली नसेल तर, वाजवी मानलेली आहे. हा नियम केंद्र शासनाच्या ग्रंथालयांसाठी असला तरी त्यामागील तत्त्व कोणत्याही गावाला स्वीकारता येईल. ग्रामसभेच्या ठरावातच हानीची अशी मर्यादा नमूद करावी, वर्षातून एकदा सर्व पुस्तकांची मोजदाद करावी आणि गहाळ पुस्तके समितीच्या मान्यतेने निर्लेखित करावीत. म्हणजे किल्ली सांभाळणाऱ्या शिक्षकाच्या किंवा कार्यकर्त्याच्या डोक्यावरील ओझे उतरेल. ज्या ग्रंथालयात वर्षभरात एकही पुस्तक हरवले नाही, तेथे एकही पुस्तक बाहेर गेले नसण्याचा संभव अधिक असतो, हे तपासणीस जाणाऱ्या अधिकाऱ्यांनीही ध्यानात ठेवणे इष्ट ठरेल.

आवाहन आणि निवड

पुस्तके द्या, असे मोघम आवाहन केल्यास घरातील रद्दीही येते. म्हणून काय हवे याची यादीच प्रसिद्ध करावी. बालवाङ्मय, कथा-कादंबऱ्या, चरित्रे, शब्दकोश, मराठी विश्वकोशाचे खंड, आरोग्य, शेती, पशुपालन आणि कायद्याची सोप्या भाषेतील माहिती देणारी पुस्तके आवर्जून मागावीत. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची शेतीविषयक प्रकाशने या भागाच्या पिकांना धरून असतात, ती संग्रहात असावीत. कारंजा परिसरात मराठीबरोबर उर्दू व हिंदी वाचकही आहेत आणि तांड्यांवरील मुलांची घरची बोली गोरमाटी आहे. निवड करताना या वाचकांचा विसर पडता कामा नये.

बदललेल्या अभ्यासक्रमाची क्रमिक पुस्तके, जुनी झालेली परीक्षा मार्गदर्शके, दुरुस्त्यांमुळे कालबाह्य ठरलेले कायदे, बुरशी लागलेल्या प्रती आणि केवळ प्रचारासाठी काढलेल्या पुस्तिका नम्रपणे नाकाराव्यात. स्पर्धा परीक्षेची पाच-सात वर्षांपूर्वीची पुस्तके विद्यार्थ्यास चुकीची माहिती देतात. त्यांचा उपयोग होण्याऐवजी अपायच होतो. देणगी स्वीकारताना एक छापील पत्र घ्यावे. आपल्या ग्रंथालयास निरुपयोगी ठरलेले पुस्तक दुसऱ्या संस्थेस देण्याचा किंवा निकाली काढण्याचा अधिकार समितीस राहील, असे त्यात नमूद असावे. देणगीदाराचे नाव पुस्तकाच्या आतील बाजूस चिठ्ठीवर कृतज्ञतापूर्वक लिहावे. परंतु प्रत्येक देणगीदारासाठी स्वतंत्र कपाट ठेवण्याची अट मान्य करू नये. त्यामुळे एकाच विषयाची पुस्तके चार ठिकाणी विखुरतात.

नोंद, मांडणी आणि देवघेव

प्रत्येक पुस्तकास दाखल क्रमांक द्यावा. दाखल नोंदवहीत क्रमांक, दिनांक, ग्रंथाचे नाव, लेखक, प्रकाशक व वर्ष, पृष्ठसंख्या, किंमत, देणगीदाराचे नाव आणि शेरा असे रकाने पुरेसे होतात. मुखपृष्ठाच्या आतील पानावर आणि एका ठरावीक पृष्ठावर ग्रंथालयाचा शिक्का असावा. पाचशे-सातशे पुस्तकांसाठी किचकट वर्गीकरणाची गरज नसते. बालवाङ्मय, ललित, चरित्र, शेती, विज्ञान-आरोग्य, स्पर्धा परीक्षा आणि संदर्भ अशा सात-आठ गटांस वेगवेगळ्या रंगांच्या पट्ट्या लावल्या तर शाळकरी मूलही पुस्तक जागेवर परत ठेवू शकते. उपलब्ध पुस्तकांची यादी दर्शनी भागात लावावी आणि शाळेतही पाठवावी.

देवघेवीचे नियम मोजके असावेत. एका वेळी एक किंवा दोन पुस्तके आणि पंधरा दिवसांची मुदत पुरेशी आहे. अनामत रकमेमुळे गरीब वाचक दारातूनच परत जातो. मुलांसाठी तरी ती नसावी. संदर्भग्रंथ तेथेच बसून वाचण्यासाठी ठेवावेत. दर महिन्याला किती पुस्तके बाहेर गेली याचा आकडा ग्रामसभेपुढे ठेवण्याची प्रथा पाडावी. ग्रंथालयाची प्रकृती संग्रहाच्या आकड्यापेक्षा या आकड्यावरून अधिक अचूक कळते.

पुस्तकांची निगा राखण्यास मोठा खर्च येत नाही. कपाट भिंतीपासून थोडे दूर आणि जमिनीपासून वर ठेवावे. नव्याने आलेली पुस्तके काही दिवस वेगळी ठेवून, झटकून आणि सावलीत हवा देऊनच संग्रहात मिसळावीत, म्हणजे कसर व वाळवी पसरत नाही. फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नये. ती पिवळी पडून कागद ठिसूळ करते. त्याऐवजी खळ आणि पातळ कागद वापरावा.

मान्यता आणि साहाय्य

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ साली झाला आणि १९७० च्या नियमांनुसार सार्वजनिक ग्रंथालयांना मान्यता व परिरक्षण अनुदान देण्याची पद्धत सुरू झाली. अ, ब, क आणि ड अशा वर्गवारीसाठी ग्रंथसंख्या, सभासद, वृत्तपत्रे-नियतकालिके आणि कामाचे तास विचारात घेतले जातात. त्यासाठी संस्थेची नोंदणी संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० यांखाली झालेली असावी लागते. कोलकात्याचे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून ग्रंथांच्या रूपाने साहाय्य करीत आहे. मान्यतेची प्रक्रिया वेळोवेळीच्या शासन निर्णयांप्रमाणे चालते. म्हणून जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयाकडून चौकशी करावी आणि अनुदान मिळेल हे गृहीत न धरता कामास आरंभ करावा. पहिल्या दिवसापासून नोंदी चोख असतील तर पुढे मान्यता मागताना नव्याने धावपळ करावी लागत नाही.

ज्या वाडी-तांड्यावर स्वतंत्र ग्रंथालय चालणे कठीण आहे, तेथे पेटीची पद्धत उपयोगी पडते. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ साली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम सुरू केला. देणगीतून पुस्तकांच्या पेट्या तयार करून त्या वाचकगटांना द्यावयाच्या आणि ठरावीक काळाने त्यांची आपसात अदलाबदल करावयाची, अशी ही योजना आहे. बडोद्याच्या जुन्या पेट्यांचे हे नवे रूप म्हणता येईल. एका केंद्रशाळेखालील चार-पाच गावांनी मिळून अशा पेट्या फिरविल्यास थोड्या पुस्तकांत प्रत्येक गावास वरचेवर नवा संग्रह मिळू शकेल.

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, महाराष्ट्रात वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी अनेक शाळांत व कार्यालयांत ग्रंथदानाचे कार्यक्रम होतात. तथापि हा काळ सोयाबीनच्या काढणीचा आणि कापसाच्या वेचणीचा असल्याने वाचकांची वर्दळ कमी असते. त्या दिवशी पुस्तके स्वीकारावीत, पुढील दोन महिने निवड, शिक्का आणि दाखल नोंद यांसाठी द्यावेत, आणि शेतीची कामे ओसरल्यावर ग्रंथालयाचे दार उघडावे. दार उघडण्याची वेळ मात्र त्यानंतर एक दिवसही चुकू नये.